लघवीचा वास : शरीराने दिलेली सूचना

धानाच्या लोंबीत दूध भरू लागले म्हणजे बांधीच्या धुऱ्यावरून जाणाऱ्या शेतकऱ्यास कधी कधी एक उग्र दुर्गंध येतो. लोंबीवरील ढेकूण दृष्टीस पडण्यापूर्वीच तो या वासावरून कीड ओळखतो. तणसाच्या गंजीत ओल शिरली, कोठीतील बियाण्यास बुरशी लागली किंवा शेणखताचा खड्डा नीट कुजला नाही, तर तेही प्रथम नाकासच कळते. डोळ्यांस न दिसणारी गोष्ट वास सांगून जातो, हा अनुभव भंडारा जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या गाठी आहे.

हेच ज्ञान स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र क्वचितच उपयोगात आणले जाते. लघवीविषयी बोलणे संकोचाचे वाटते. तिचा वास बदलला तरी "उष्णता झाली असेल" असे म्हणून गोष्ट तेथेच सोडून दिली जाते. पुष्कळ वेळा ते खरेही असते. परंतु काही प्रसंगी हा बदललेला वास म्हणजे मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा तान्ह्या मुलाचा जन्मजात विकार यांची पहिली खूण असते. कोणता वास पाण्याने जातो, कोणत्या वासासाठी तपासणी करावी आणि कोणत्या वासाच्या वेळी घटकाभरही थांबू नये, एवढे ज्ञान प्रत्येक घरात असणे अवश्य आहे.

लघवीस वास का येतो?

मूत्रपिंडे ही शरीरातील गाळणी होत. प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक पाणी व उपयुक्त द्रव्ये शरीर परत शोषून घेते आणि शेवटी एक ते दोन लिटर लघवी बाहेर पडते. तिच्यात पाणी, क्षार व युरिया ही मुख्य द्रव्ये असतात.

युरिया हे नाव शेतकऱ्यास नवे नाही. खताच्या पोत्यातील युरिया आणि लघवीतील युरिया हे रासायनिक दृष्ट्या एकच द्रव्य आहे. फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये ते प्रथम प्रयोगशाळेत तयार केले, तोपर्यंत ते सजीवांच्या शरीरातच निर्माण होते असा समज होता. ताज्या लघवीस फारसा वास नसतो. ती काही वेळ पडून राहिली म्हणजे जिवाणू युरियाचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. गोठ्यात सकाळी डोळ्यांस झोंबणारा वास याच अमोनियाचा असतो. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोरीत किंवा अंथरुणात वाळलेल्या लघवीचा वास हा रोगाचा पुरावा नव्हे. वास पारखावयाचा तो नुकत्याच केलेल्या लघवीचा.

खाण्यापिण्याचाही परिणाम होतो. लसूण, कांदा, मेथी, कॉफी यांमुळे काही तास वास बदलतो. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवी गडद पिवळी होते आणि तिला औषधी वास येतो. असे बदल एक-दोन दिवसांत आपोआप जातात व त्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही.

उन्हाळ्यातील उग्र वास

सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे पाणी कमी पडणे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपाने तोडणे, उन्हाळी धानाची कापणी व मळणी ही सर्व कामे ऐन उन्हाच्या दिवसांत येतात. घामावाटे शरीरातील पाणी निघून जाते. उरलेले पाणी वाचविण्यासाठी मूत्रपिंडे लघवी घट्ट करतात. ती थोडी होते, गडद पिवळी होते आणि तिला अमोनियासारखा उग्र वास येतो. "लघवीला गरम होते" अशी तक्रार त्या दिवसांत घरोघरी ऐकू येते, तिचे मूळ बहुधा येथेच असते.

यावर उपाय सोपा आहे. तहान लागण्याची वाट न पाहता उन्हात काम करणाऱ्याने दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे. कामावर जाताना पाण्याचे भांडे जवळ घ्यावे आणि ते सावलीत ठेवावे. घाम फार गेला असल्यास किंवा जुलाब-उलट्या झाल्या असल्यास क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून द्यावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पेय करावे. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा समजावा. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वागावे.

पुरेसे पाणी पिऊन एक दिवस विसावा घेतला म्हणजे लघवी फिकट होते व वास जातो. तसे झाले तर कारण उन्हाचे होते असे समजावे. दोन दिवस भरपूर पाणी पिऊनही वास कायम राहिला तर तपासणी करून घ्यावी. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात होय. अशा वेळी लघवीचा विचार करीत बसू नये. त्यास सावलीत आणून अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सिकलसेलच्या रुग्णासाठी वेगळा नियम

लघवी फिकट आहे आणि तिला वास नाही, म्हणजे शरीरात पाणी पुरेसे आहे, हा नियम सर्वसामान्य माणसास लागू पडतो. पूर्व विदर्भात या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. नागपूर येथील शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेल विकाराची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून विदर्भातील अनेक समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळून आला आहे आणि भंडारा जिल्हाही त्याला अपवाद नाही.

या विकारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी मूत्रपिंडाच्या आतील बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडाची शक्ती लहानपणापासूनच कमी होते. त्यामुळे शरीर पाण्यावाचून कोरडे पडत असतानाही अशा रुग्णाची लघवी पातळ, फिकट व वासरहित राहू शकते. पाणी कमी पडले म्हणजे त्याच्या अंगातील वेदनांचा झटका येण्याचा धोका वाढतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने लघवीकडे पाहून पाणी पिण्याचे ठरवू नये, ठरलेल्या वेळी पाणी पीत राहावे. अशा मुलास रात्री वारंवार लघवीस उठावे लागले किंवा अंथरूण ओले झाले तर त्यास रागावू नये. तो त्याच्या मूत्रपिंडाचा दोष आहे, सवयीचा नव्हे. लघवी तांबूस किंवा चहासारखी दिसली तर मात्र लगेच आरोग्य केंद्र गाठावे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्याखाली रक्ततपासणी केली जाते. विवाह ठरविण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी ही तपासणी करून घेणे हितावह आहे.

रोवणीचे दिवस आणि स्त्रियांचा त्रास

आषाढ लागला म्हणजे रोवणीची घाई सुरू होते. चिखलात वाकून परे लावण्याचे हे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. सकाळपासून दिवस कलेपर्यंत त्या बांधीत असतात. आडोशाची जागा नसल्यामुळे अनेक जणी पाणीच कमी पितात आणि लघवी तासन् तास रोखून धरतात. या दोन सवयी एकत्र आल्या म्हणजे मूत्राशयात जिवाणूंची वाढ होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे जिवाणू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात, हेही एक कारण आहे.

संसर्ग झाल्यास लघवीस कुजकट किंवा ताजेपणीच अमोनियासारखा वास येऊ शकतो. लघवी गढूळ दिसते, जळजळ होते, थोडी थोडी व वारंवार लागते, ओटीपोटात दुखते. ताप, थंडी, उलटी आणि कमरेच्या वर एका बाजूस दुखणे ही लक्षणे दिसली म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पुष्कळदा संसर्ग असूनही वास येत नाही आणि वास असूनही संसर्ग नसतो. म्हणून केवळ वासावरून औषध घेणे योग्य नव्हे. शेजारणीकडे उरलेल्या गोळ्या घेणे किंवा दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडणे, यामुळे जिवाणू औषधास दाद देईनासे होतात.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. गर्भारपणात कोणताही त्रास न होता लघवीत जिवाणू वाढू शकतात. त्यातून मूत्रपिंडास सूज येण्याचा व दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती होण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक गर्भवतीची लघवी तपासली गेलीच पाहिजे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य संस्थांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. रोवणीचा दिवस बुडतो म्हणून ही तपासणी चुकवू नये.

कठीण बाळंतपणानंतर एखाद्या स्त्रीची लघवी रात्रंदिवस झिरपत राहते आणि अंगास सतत वास येतो. ही स्त्री लोकांत मिसळणे टाळते, काही घरांत तिला वेगळेही बसविले जाते. बाळ फार वेळ अडून राहिल्यामुळे मूत्राशय व योनी यांच्यामध्ये छिद्र पडल्याने असे होते. यात तिचा दोष काही नाही. हे छिद्र शस्त्रक्रियेने बुजविता येते. अशी स्त्री गावात असल्यास आशा कार्यकर्तीने तिला धीर देऊन जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावे.

शेताच्या मालकानेही येथे आपले कर्तव्य ओळखावे. रोवणीच्या जागेजवळ चार बांबू व जुन्या ताडपत्रीचा आडोसा उभा करण्यास विशेष खर्च लागत नाही. पिण्याचे स्वच्छ पाणी धुऱ्यावर ठेवावे आणि मजूर स्त्रियांना मध्ये विसाव्यास वेळ द्यावा. बांधीतील किंवा बोडीतील पाणी कोणीही पिऊ नये.

गोड वास : येथे उशीर नको

मधुमेह या शब्दातच या रोगाची जुनी ओळख सामावलेली आहे. मध म्हणजे गोडवा आणि मेह म्हणजे लघवीचा विकार. लघवी केलेल्या जागी मुंग्या जमतात, हे आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी जाणले होते. लघवीतील ही गोडी साखरेचीच असते, हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने १७७६ मध्ये लघवी आटवून सिद्ध केले. आजही घरामागे लघवीच्या जागी वारंवार मुंग्या लागू लागल्या तर घरातील मोठ्या माणसांनी रक्तातील साखर तपासून घ्यावी.

साखरेपेक्षाही अधिक धोक्याचा असा आणखी एक गोड वास आहे. शरीरात इन्सुलिन अगदी कमी पडले म्हणजे रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात. ती रक्तात साठली म्हणजे लघवीस व श्वासास पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. मोहफुले आंबत घातलेल्या भांड्याजवळ जो गोडसर, तीक्ष्ण वास दरवळतो, त्याच्याशी याची थोडीबहुत तुलना करता येईल.

या साम्यातच एक मोठा धोका आहे. अशा रुग्णास ग्लानी येते, पाय अडखळतात, बोलणे जड होते, श्वास खोल व जलद चालतो. तोंडास गोडसर वास येत असल्यामुळे "दारू प्याला आहे, झोपू द्या" असा निष्कर्ष काढला जातो आणि मोलाचे तास निघून जातात. ज्यास मधुमेह आहे अशा माणसाची ही अवस्था दिसली, तर तो प्यालेला आहे की नाही याचा वाद घालण्यापूर्वी त्यास रुग्णालयात पोहोचवावे.

लहान मुलांत हा रोग फार वेगाने वाढतो. चांगले खेळणारे मूल दोन-चार आठवड्यांत वाळत जाते, सारखे पाणी मागते, वारंवार लघवीस जाते. अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेली असूनही ते पुन्हा ओले करू लागते. नंतर पोट दुखते, उलट्या होतात आणि मूल निपचित पडते. हे सारे पोटाचा बिघाड किंवा दृष्ट समजून अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालविला तर मूल हातचे जाऊ शकते. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला आणि जानेवारी १९२२ मध्ये तेथेच एका चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी अशी मुले वाचत नसत. आज वेळेवर उपचार मिळाल्यास ती शाळेत जातात, शेती करतात, संसार करतात.

इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने आजारपणात "खाल्ले नाही म्हणून सुई नको" असे स्वतःच ठरवू नये. ताप-उलटीच्या दिवसांत शरीरास इन्सुलिनची गरज पुष्कळदा वाढते. मात्रा किती घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे, पण सुई आपल्या मनाने बंद करू नये.

कडक उपवास, गर्भारपणातील सततच्या उलट्या किंवा दीर्घ आजारातील उपासमार यांमुळेही लघवीत कीटोन येतात. उपवास सोडल्यावर निरोगी माणसाचा हा वास जातो. गर्भवतीस पाणीही ठरत नसेल तर तिला दवाखान्यात न्यावे.

तान्हे मूल आणि आईचे नाक

आईच्या नाकास जाणवलेल्या वासातून वैद्यकशास्त्रातील एक मोठा शोध लागला, ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घेण्यासारखी आहे. नॉर्वे देशातील बोर्ग्नी एगेलँड या स्त्रीस एक मुलगी व एक मुलगा होता. दोन्ही मुले मंदबुद्धी झाली होती आणि दोघांच्याही लघवीस एक विचित्र कुबट वास येत असे. ती अनेक डॉक्टरांकडे गेली, परंतु या वासाकडे कोणी लक्ष दिले नाही. शेवटी १९३४ मध्ये आस्बयोर्न फोलिंग या डॉक्टरांनी तिचे म्हणणे मनावर घेतले. लघवीत फेरिक क्लोराइड घालताच तिला हिरवा रंग आला. असा रंग त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. औषधांचा परिणाम नसावा म्हणून त्यांनी औषधे थांबवून पुन्हा लघवी मागविली, तरी रंग तोच आला. पुष्कळ लघवी गोळा करून त्यांनी त्यातील द्रव्य वेगळे काढले. प्रथिनांतील फिनिलॲलनीन हा घटक या मुलांच्या शरीरास पचविता येत नव्हता आणि तो साठून मेंदूस इजा झाली होती.

त्या दोन मुलांना या शोधाचा लाभ मिळाला नाही, कारण इजा आधीच झाली होती. तथापि १९५३ मध्ये हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे हा घटक कमी असलेला आहार एका मुलीस देऊन तिच्यात सुधारणा झाल्याचे दाखविले. पुढे जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची पद्धत निघाली. असा आहार तान्हेपणीच सुरू केला तर मूल इतरांसारखे वाढते. भारतात गोवा राज्याने २००८ मध्ये नवजात बालकांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता.

या प्रकारचे विकार विरळ आहेत. त्यांपैकी एकात लघवीस घामट मोज्यांसारखा वास येतो. दुसऱ्या एका विकारात जळक्या साखरेसारखा, काकवीसारखा किंवा मेथीसारखा वास येतो. हा दुसरा विकार फार जलद घात करतो. जन्मतः चांगले दिसणारे बाळ दोन-तीन दिवसांत अंगावर पिईनासे होते, सुस्त पडते, कण्हते, त्याचे अंग ताठरते व झटके येतात.

येथे मराठी घरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बाळंतिणीस मेथीचे लाडू देण्याची आपल्याकडे चाल आहे. मेथीला जो वास येतो त्याच्या मुळाशी असलेले सोटोलोन हे द्रव्य आणि या विकारातील वासाचे द्रव्य एकच आहे. आईने मेथी खाल्ल्यामुळे निरोगी बाळाच्या लघवीस तसाच वास आल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. म्हणून बाळ जोमाने पीत असेल, रडणे व हालचाल नीट असेल, तर घाबरू नये. आरोग्यसेविकेस वासाबद्दल आणि आईने मेथी खाल्ल्याबद्दल दोन्ही सांगावे. परंतु बाळ पीत नसेल किंवा सुस्त असेल तर "मेथीचा वास आहे" असे म्हणून एक दिवसही दवडू नये.

हे विकार आई व बाप या दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतात. आतेभाऊ-मामेबहीण यांसारख्या जवळच्या नात्यात विवाह झाल्यास त्यांचा संभव वाढतो. पूर्वी घरात एखादे तान्हे मूल कारण न कळता दगावले असेल, तर पुढील बाळंतपण रुग्णालयातच करावे आणि डॉक्टरांना ती हकीकत अवश्य सांगावी.

गोठ्यातही हीच खूण

माणसाप्रमाणे जनावरांतही कीटोनचा वास रोगाची वर्दी देतो. भरपूर दूध देणारी गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर पहिल्या सहा आठवड्यांत या रोगास बळी पडू शकते. दुधासाठी जेवढी शक्ती खर्च होते तेवढी चाऱ्यातून मिळत नाही आणि जनावराचे शरीर आपली चरबी जाळू लागते. भंडारा जिल्ह्यात धानाचे तणस हा मुख्य चारा आहे. तणसाने पोट भरते, पण त्यात पचणारी शक्ती व प्रथिने थोडी असतात. व्यालेल्या दुभत्या जनावरास केवळ तणसावर ठेवणे म्हणजे या रोगास वाट करून देणे होय.

जनावर प्रथम खुराक सोडते, पण तणस चघळत राहते. दूध एकाएकी उतरते, अंग झडते, शेण घट्ट होते. श्वास, दूध व लघवी यांना गोडसर वास येतो. हा वास सर्वांच्याच नाकास जाणवत नाही, म्हणून घरातील दोघा-तिघांनी वास घेऊन पाहावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात रोथेरा चाचणीच्या भुकटीवर लघवीचे थेंब टाकले असता जांभळा रंग आला म्हणजे कीटोन असल्याचे कळते. रवंथ करणाऱ्या जनावरास नुसता गूळ चारून हा रोग बरा होत नाही, कारण गुळातील साखर मोठ्या पोटातच आंबून जाते. पशुवैद्यक शिरेतून ग्लुकोज देतात व इतर औषधयोजना करतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. गाभण काळात जनावर फार लठ्ठ होऊ देऊ नये, व्याल्यावर खुराक हळूहळू वाढवावा आणि तणसासोबत हिरवा चारा द्यावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

वासाविषयीची माहिती संकोच सोडून पण शालीनतेने सांगितली पाहिजे. महिला मंडळ, बचत गट आणि ग्राम आरोग्य व पोषण दिन हे त्यासाठी योग्य प्रसंग होत. पुढील गोष्टी विशेष समजावून द्याव्यात.

१. वास उग्र व लघवी गडद असेल तर प्रथम पाणी प्यावे. दोन दिवसांत फरक न पडल्यास उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

२. वासासोबत जळजळ, गढूळपणा, रक्त, ताप किंवा कमरेत दुखणे असेल तर त्याच दिवशी तपासणी करावी.

३. पिकलेल्या फळासारखा वास आणि त्यासोबत उलटी, ग्लानी किंवा जलद श्वास असेल तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास एकटे सोडू नये.

४. तान्ह्या बाळाच्या लघवीस चमत्कारिक वास येत असून ते पीत नसेल किंवा सुस्त असेल तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

५. तपासणीसाठी लघवी देताना जागा स्वच्छ पाण्याने धुवावी, सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली लघवी स्वच्छ डबीत घ्यावी आणि ती तासाभरात पोहोचवावी. घरातील लोणच्याची किंवा औषधाची जुनी बाटली त्यासाठी वापरू नये.

लघवी तपासणीची पट्टी काही मिनिटांत साखर, कीटोन, प्रथिने, रक्त व संसर्गाची खूण दाखविते. ही साधी तपासणी गावाजवळ होऊ शकते. पुढील उपचार लागल्यास तुमसर व साकोली येथील उपजिल्हा रुग्णालये आणि भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय आहेत.

नाक रोगाचे निदान करीत नाही. ते केवळ काहीतरी बदलले आहे एवढे सांगते, निदान तपासणीने होते. परंतु तपासणीपर्यंत माणूस पोहोचतो तो कोणीतरी हा बदल वेळेवर ओळखून बोलून दाखविला म्हणूनच. ढेकणाच्या वासाकडे दुर्लक्ष केले तर हंगामाचे धान पोचट होते. त्याची भरपाई पुढील हंगामात करता येते. घरातील माणसाच्या बाबतीत तशी संधी पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून आईने, सुनेने, मजुराने किंवा शाळकरी मुलाने वासाची तक्रार केली तर तिला हसू नये, तिची चौकशी करावी.